क्रँकचा एकट्याचा तोल

लोखंडाला वाचा होती, त्या काळातली गोष्ट. एका जुन्या फटफटीचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेनं गरगर फिरणारा इंजिनातला वाकडा आस, भारी गर्विष्ठ होता. दोन पात्यांच्या धारेवर आडवा ठेवला, की कसाही ठेवा, तो निश्चल राही, तळ्यातल्या चंद्रासारखा. "आहे का असा तोल कुणाचा?" असं तो साऱ्या हत्यारांना विचारी.

पण इंजिनात बसवला आणि पिस्टन वरखाली धावू लागला, की फटफटी अशी थरथरे की दिव्याची काच गळून पडे. शेवटी मालक म्हणाला, "घाला भंगारात."

"थांबा की जरा!" म्हणत सोनकाबाई मिस्त्रिणीनं इंजिन उघडलं.

क्रँक करवादला, "खोट त्या नाचऱ्या पिस्टनची. मी जागचा हलत नाही!"

"मोठा शहाणा! एकटा असल्यावर कोण हलतंय?" बाईनं पिस्टनच्या निम्म्या वजनाचं लोखंड त्याच्या, पिस्टन जोडतात त्या खुंटीला टांगलं. तसा क्रँक लगेच कलंडला. जड झालेली बाजू हलकी करायला ती तिथं भोकं पाडू लागली.

"अगं बाई, माझा तोल जाईल!"

"जाऊ दे. आणि निम्मंच टांगलंय. पिस्टनचं सगळं ओझं घ्यायला गेलास, तर फटफटी पुढंमागं हिसडे खाईल."

त्या संध्याकाळी फटफटी नदीकाठानं गेली, ती संथ पाण्यावरून नाव जावी तशी. आत क्रँक झोपेत गुणगुणल्यासारखा फिरत होता.

पुढं कैक वर्षांनी त्याला परत पात्यांवर एकटा ठेवला, तर तो एका कुशीवर कलंडला.

"पिस्टन कुठाय?" त्यानं विचारलं.