स्वामी निघाले

"…म्हणजे तुम्हाला कधीच वाटलं नाही, की इथून निघावं? जग बघावं?"

हेरंब साठ्येच्या आवाजात कौतुक होतं. थोडी कीवही होती.

अच्युतस्वामी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. सह्याद्रीच्या माथ्यावर एक उजाड पठार, त्यावर दोन कौलारू खोल्या आणि ही ओसरी. लोक त्यालाच मठ म्हणत.

हेरंब पन्नाशीचा. पायाला भिंगरी लागलेला माणूस. बर्फाचे डोंगर, मिठाची वाळवंटं, दूरची बेटं, सगळीकडे जाऊन आला होता. एकच स्वप्न उरलं होतं… मानससरोवर. तेही आता ठरलं होतं. सराव म्हणून भरलेली सॅक पाठीवर घेऊन तो पठार चढून आला होता. आल्यासरशी स्वामींचा आशीर्वादही घ्यावा, असा बेत.

"वाटतं की," स्वामी म्हणाले.

"काय?"

"निघावंसं. रोज वाटतं. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच मनात येतं."

हेरंब चमकला. सगळं जग आपल्या आतच असतं, असं काहीतरी ऐकायची त्याने तयारी ठेवली होती.

"पण लोक म्हणतात, स्वामींनी सगळं आतच पाहिलं."

"आत काय आहे? बाहेर बघ केवढं आहे!"



"कुठं जावंसं वाटतं तुम्हाला?"

"मानससरोवर."

लहान मुलाने आवडत्या खाऊचं नाव घ्यावं, तसे ते म्हणाले.

"मग गेला का नाहीत?" हेरंबला आता चेव आला. "स्वामी, खरी ओढ असली ना, की माणूस निघतोच. माझंच बघा. घरी काय कमी अडचणी आल्या? मी थांबलो नाही."

"कसल्या अडचणी?"

"असतात संसारात. वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हासुद्धा मी…"

तो थांबला.

"बहीण होती घरी," तो म्हणाला.

…

स्वामींनी हातातली शेंग खाली ठेवली.

"खरं आहे तुझं."

ते उठले. पायरीपाशी हेरंबचे बूट होते. स्वामींनी त्यात पाय घातले. मग त्याची सॅक उचलली, तोल गेला, सावरला, आणि पट्टे खांद्यावर चढवले.

"स्वामी, हे काय करताय?"

"आत नरहरी आहे. माझा गुरुबंधू. त्याच्या अंगावरून वारं गेलंय. उताणा झाला की लाळ घशात उतरते, म्हणून कुशीवर ठेवायचा. मधूनमधून कूस बदलायची. चुलीवर नाचणीची पेज आहे, निवली की चमच्याने घाल. घाई करू नकोस, ठसका लागतो."

"अहो, पण… मला नाही येत हे!"

"मलासुद्धा मानससरोवराची वाट कुठं येते?"

आणि ते निघाले.

हेरंब हसला. थट्टा असणार. समोरच्या करवंदीच्या जाळीपर्यंत जातील आणि वळतील.

स्वामी जाळीपर्यंत गेले. जाळीच्या पलीकडे गेले. दिसेनासे झाले.

"स्वामी!"

तो अनवाणीच धावला. खडी टोचली. तेवढ्यात मागून, खोलीतून, घोगरा आवाज आला. पाण्यात बुडणाऱ्या माणसाच्या घशातून यावा, तसा.

तो तिथंच उभा राहिला. पुढे पाहिलं. मागे पाहिलं.

आवाज पुन्हा आला.

तो मागे धावला.

नरहरी उताणा पडला होता. डोळे विस्फारलेले, चेहरा काळानिळा. कुठं धरावं हेच हेरंबला कळेना. त्याने कसेबसे दोन्ही हात त्याच्या खांद्याखाली घातले आणि त्याला कुशीवर लोटलं. लाळ हेरंबच्या मनगटावरून ओघळली. नरहरीचा श्वास मोकळा झाला.

हेरंबने मनगट पुसलं.

मग त्याला ती पाठ दिसली. हाडं वर आलेली. कातडी कागदासारखी पातळ. जुन्या, भरून आलेल्या जखमांचे वण जागोजागी… आणि एकही ओली जखम नाही. कडुनिंबाच्या तेलाचा वास. कोणीतरी ही पाठ रोज पुसत होतं, रोज चोळत होतं.

"गेला?" नरहरीने विचारलं. बोलणं अर्ध्याच तोंडातून येत होतं.

"हो… मानससरोवराला, म्हणे."

नरहरीचा अर्धा चेहरा हसला.

"बरं झालं. मीच म्हणायचो… मला टाक आणि जा. म्हणायचा, येणारा जो तो प्रश्न घेऊन येतो, तुझ्यापाशी बसायला कुणी येत नाही."

मग त्या हसऱ्या अर्ध्या चेहऱ्यावर भीती उतरली.

"तू पण जाशील?"

हेरंब चुलीपाशी गेला. त्याने पेज आणली.

निम्मी पेज उशीवर सांडली. दोनदा ठसका लागला. दुपारी अंथरूण घाण झालं. तो दारात गेला, नाकाला रुमाल लावून उभा राहिला. बाहेर ऊन होतं, वाट होती, अडवणारं कुणी नव्हतं.

बराच वेळ तो तसाच उभा होता.

मग त्याने रुमाल खिशात घातला, पाणी गरम केलं, फडकं घेतलं.

पाठ पुसता पुसता त्याचा हात थांबला.

आपल्या वडिलांची पाठ कशी होती?

प्रत्येक प्रवासाहून आल्यावर तो वडिलांच्या खोलीच्या दारात उभा राहायचा. कुठल्या तळ्याचं पाणी किती निळं होतं, ते रंगवून सांगायचा. वडील त्याच्याकडे बघत राहायचे. बाबा किती खूश होऊन ऐकतात, असं तो सगळ्यांना सांगत असे. तेवढ्यात सुलूताई पाण्याचं घमेलं घेऊन यायची, म्हणायची, जरा सरक रे. तो सरकायचा. मग निघायचा.

वडिलांना जखमा झाल्या होत्या का? दुखत होतं का?

त्याला माहीत नव्हतं.

चांदण्यात मिठाच्या वाळवंटाचा रंग कसा बदलतो, ते माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

…

"काय झालं?" नरहरीने विचारलं.

"काही नाही."

"रडतोस?"

हेरंबने बाहीने डोळे पुसले.

"रड. अच्युतपण रडतो अधूनमधून. मग पेज खारट लागते."

उन्हं कलली तेव्हा जाळीआडून स्वामी आले. लंगडत. बूट हातात, तळव्यांना फोड. चेहरा मात्र जत्रा बघून आलेल्या पोरासारखा.

हेरंब ओसरीवरून ताडकन उठला. सुटका झाली म्हणून हायसं वाटलं, आणि संतापही आला.

"मला वाटलं, तुम्ही खरंच गेलात!"

"मलाही तसंच वाटलं होतं."

"मग?"

"पठाराच्या कड्यापर्यंत गेलो. त्या अंगाला इतक्या वर्षांत जाणंच झालं नव्हतं. खाली सगळं कोकण! भातखाचरांवरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. एक सावली तर थेट नदी ओलांडून गेली. केवढं रे ते… बघतच बसलो."

"कड्यापर्यंत?" हेरंबचा विश्वास बसेना. "एवढंच? अहो, मी दिवसभर इथं… आणि तुम्ही फक्त कड्यापर्यंत?"

स्वामी ओसरीवर आले. सॅक उतरवून ते आत गेले. नरहरी कुशीवर झोपला होता, धुतलेल्या धोतरात. स्वामींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ कोरडी होती, तेल लावलेली.

ते बाहेर आले. हेरंबच्या ओल्या हातांकडे पाहिलं. सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

…

"मी कड्यापर्यंत," ते हळूच म्हणाले. "तू कुठवर जाऊन आलास?"