घरपोच ग्रामसभा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावाच्या मधून एक ओढा वाहत होता. ओढ्याच्या अलीकडे बाजार, दवाखाना आणि ग्रामपंचायत. पलीकडे चाळीसेक घरांची वस्ती. त्या वस्तीत गोजराबाई नावाची बाई गोधड्या शिवून पोट भरत असे.

दोन वर्षांपूर्वी, भर पावसात, तिची सून शेवंता बाळंतपणाला अडली. ओढ्याला पूर आला होता. बाज खांद्यावर घेतलेली माणसे पाणी उतरण्याची वाट बघत काठावर उभी राहिली. पाणी उतरले, पण बाळ हाती लागले नाही. आता शेवंताला पुन्हा दिवस गेले होते. श्रावणात तिची वेळ येणार होती. त्याआधी ओढ्यावर साकव व्हावा, पायी जाण्यापुरता लहानसा पूल, एवढेच गोजराबाईचे मागणे होते. तिने ग्रामपंचायतीत तसा अर्ज दिला आणि त्याची पोच जपून ठेवली.

जानेवारीत ग्रामसभेची दवंडी झाली. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक, म्हणजे गावाचा पैसा कशाकशावर खर्च करायचा तो कागद, या सभेत मंजूर व्हायचे होते. सभेला निदान शंभर माणसे हवीत, असा नियम. पण हातातले काम सोडून येणार कोण? म्हणून गावाने एक रीत पाडली होती. शिपाई तुळशीराम आदल्या दिवशीच हजेरीचे रजिस्टर काखेत मारून दारोदार फिरे. कोणी चुलीपुढून उठून सही करी, कोणी गोठ्यातून येऊन अंगठा उमटवी, आणि जो गावात नसे त्याची सही घरचाच कोणी करून टाकी. "आपल्याला सभा घरपोच मिळते," असे लोक कौतुकाने सांगत. यात काही चुकते आहे, असे कोणाच्या मनातही येत नसे.

तुळशीराम गोजराबाईच्या दारात आला.

"काकू, करा सही. म्हणजे उद्याची सभा उरकली."

"सभा उद्या आणि उरकली आजच?"

"अहो, तुमचेच पाय वाचवतोय मी!"

"माझे पाय धड आहेत, बाबा. उद्या येईन आणि तिथंच सही करीन. तू चहा घे."

तुळशीराम चहा प्याला आणि हसत पुढच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई सभेला गेली, तर तिथे अकरा माणसे. सरपंच बळवंततात्या खुर्चीवर बसले होते. तात्या मनाने वाईट नव्हते. मात्र त्यांची एक हौस होती. गावाच्या वेशीवर आपल्या वडिलांच्या नावाची दगडी कमान उभी राहावी, असे त्यांना फार वाटे. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कागद वाचला. त्यात कमान होती. साकव नव्हता.

गोजराबाई उभी राहिली. "तात्या, माझ्या साकवाच्या अर्जाचं काय झालं?"

"पुढच्या वर्षी बघू, वैनी. यंदा कमान. सभेची मंजुरी आहे."

"कोणत्या सभेची? मला तर अकराच डोकी दिसतात."

"ह्या बघा, एकशे सदतीस सह्या."

"मग नावं तरी वाचा, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी पहिले नाव वाचले, अंजिराबाईचे. "ती माझी शेजारीण. मी निघाले तेव्हा ती गोवऱ्या थापत होती," गोजराबाई म्हणाली. दुसरे नाव एका म्हाताऱ्याचे निघाले. तो महिनाभर लेकीच्या गावी होता. तिसरे नाव वाचताना भाऊसाहेब अडखळले. ते तात्यांच्या आईचे होते. म्हातारी सहा महिने अंथरुणाला खिळून होती. मागच्या रांगेत कोणी तरी खुसकन हसले.

"राहू द्या, भाऊसाहेब," गोजराबाई हळूच म्हणाली आणि खाली बसली.

तात्यांनी रजिस्टर मिटले. "सभा तहकूब," एवढेच ते बोलले.

बाकीचे गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "तात्या, तहकूब सभेला माणसांचा आकडा लागत नाही. नियमच आहे तसा. आठवड्यानं आपण चौघं बसलो तरी कमान मंजूर होईल."

तात्या उठून घरी गेले. आईच्या उशाशी बसून त्यांनी विचारले, "आई, तुळशीराम आला होता का?"

"आला होता की. अंगठा घेऊन गेला. कशाला, ते काही बोलला नाही."

आईच्या बोटावर शाई तशीच होती. तात्यांना जेवण गोड लागले नाही.

इकडे वस्तीत अंजिराबाई गोजराबाईला म्हणाली, "अगं, सरळ तालुक्याला गटविकास अधिकाऱ्याकडं तक्रार टाक. खुर्ची हलली पाहिजे!"

"ती वाट आहेच, अंजिरा. लागली तर तीही धरू. पण सह्या दिल्या कोणी? आपणच ना? मग तक्रारीत पहिलं नाव कोणाचं घालू, तुझं का?"

अंजिराबाई ओशाळून हसली. त्या दिवसापासून दोघी मिळून, सभेला स्वतः या, असे सांगत घरोघर फिरू लागल्या.

मग गावात अशी दवंडी झाली, की ऐकणारे बघतच राहिले. "सही सभेतच होईल! घरी कोणी देऊ नये! तात्यांचा निरोप आहे!"

"म्हणजे खरंच यायचं का रे?" एकाने विचारले.

"खरंच," तुळशीराम म्हणाला. त्यालाही ते नवीनच होते.

सभेला दीडशेच्या वर माणसे आली. सतरंज्या पुरल्या नाहीत. तात्यांनी अंदाजपत्रक ओळीने वाचायला लावले. बायका-मुलांसाठी राखून ठेवायचा दहावा हिस्सा कुठे आहे, असे अंजिराबाईने विचारले. तो कमानीच्या सुशोभीकरणात धरला आहे, असे भाऊसाहेबांनी मान खाली घालून सांगितले.

"कमानीवर आमची चित्रं काढणार होता का?" ती म्हणाली. सभा हसली. तात्याही हसले आणि तो पैसा त्यांनी तिथल्या तिथे अंगणवाडीकडे लावायला सांगितला.

उरलेल्या पैशात कमान की साकव, असा प्रश्न तात्यांनी स्वतःच सभेपुढे ठेवला. कमानीसाठी सात हात वर झाले. साकवासाठी हातांची दाटी झाली. त्या दाटीत खुर्चीवरचाही एक हात होता.

एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "तात्या, साकवालाच तुमच्या वडिलांचं नाव देऊ."

"नको, अण्णा. बापाचं नाव गावाच्या पैशानं लावायचं नसतं," तात्या म्हणाले.

गोजराबाईने पदराने डोळे टिपले आणि रजिस्टरात आपली सही केली.

ज्येष्ठ सरता सरता साकव उभा राहिला. श्रावणात ओढा दुथडी भरला. शेवंताला कळा सुरू झाल्या तेव्हा ती सासूचा हात धरून साकवावरून चालत दवाखान्यात गेली. पाचव्या दिवशी गोरीपान मुलगी कुशीत घेऊन ती त्याच वाटेने परत आली. खाली पाणी घोंगावत होते आणि लेक शांत झोपली होती.

तात्पर्य: नियम गावाचा पैसा राखतो, पण नियम राखायला गावानेच सभेत येऊन बसावे लागते, आणि पळवाट समोर असूनही जो ती धरत नाही, तोच खरा कारभारी.