नावाडी खाली का पाहत होता

एकदा एक म्हातारा बाहुलीकार आपल्या शिष्याला म्हणाला, "उद्या जत्रेत कथा तू सांग, दोऱ्या मी ओढतो. कथा शेवटाला नेलीस की बाहुल्यांची पेटी तुझी."

ह्या पेटीची वाट पाहता पाहता शिष्याची मिशी पिकू लागली होती. त्या रात्री त्याला झोप लागली नसणार, हे तुम्हां सुज्ञांस सांगायला नको.

कथा जुनीच. राजपुत्राची माता नदीपल्याड मरणशय्येवर. हा औषधी घेऊन घोडा दामटत घाटावर येतो आणि म्हणतो, 'ए, होडी काढ.' नावाडी म्हणतो, 'नेत नाही.' राजपुत्र पोहून जातो, तोवर माता गेलेली. मग नावाड्याला फाशी, लोकांच्या टाळ्या, आणि सगळे भजी खायला मोकळे. अशी ही सात्त्विक कथा.

शिष्याने असा करुणरस ओतला की बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. मग तो गरजला, "तेव्हा तो पापी, पाषाणहृदयी नावाडी म्हणाला, नेत नाही."

आणि बाहुल्यांतल्या नावाड्याने मान खाली घातली. होडीच्या तळाकडे पाहिले. मग राजपुत्राकडे, आणि पुन्हा तळाकडे.

कथेत असे काही नव्हते. शिष्याने पडद्याच्या फटीतून डोकावले, तर म्हातारा दोऱ्या धरून समाधी लागल्यासारखा उभा.

"आणि तो उद्धट तोंड फिरवून चालता झाला," शिष्याने पुढे रेटले. नावाडी हलला नाही. खालीच पाहत राहिला.

पुढे बसलेली एक कोळीण म्हणाली, "होडी फुटलीय त्याची. नेला असता तर राजपुत्र बुडलाच असता."

"मग तसं बोलला का नाही?" तिच्या नवऱ्याने विचारले.

"तुला कोणी 'ए' म्हटलं की तू गोड बोलतोस होय?"

मागून एकजण म्हणाला, "फुटली नाय. बायको तापानं पडलीय आत."

"कसली बायको? ढोसून आलाय. स्वतःचेच पाय शोधतोय," तिसऱ्याने आपली अक्कल पाजळली.

झाले. जो तो उठून होडीत डोकावू लागला. शिष्य बापडा किंकर्तव्यमूढ का काय म्हणतात तसा झाला. त्याने घाईघाईने फाशीचा खांब पुढे सरकवला, तेव्हा कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आधी त्याला विचार. मग लटकव."

कथा तिथेच अडकली. लोक भांडत भांडत भज्यांकडे गेले.

शिष्य तणतणत पडद्यामागे आला. "आबा, पेटी द्यायची नव्हती तर तसं सांगायचं होतं. आणि होडीच्या तळाशी होतं तरी काय?"

"मला काय ठाऊक?" म्हातारा म्हणाला. "मी मान खाली केली, एवढंच. अरे, तू ही कथा राजपुत्राच्या मागे, घोड्यावर बसून सांगतोस. घोड्यावरून नदी दिसते, पल्याडची आई दिसते. होडीचा तळ दिसत नाही. राजपुत्राला जे कळलं नाही ते कथेत आलं नाही. म्हणून ते नव्हतंच, असं कसं? सांगणारा तू, तेव्हा रडू तुझ्या माणसासाठी आणि फास दुसऱ्याला. 'पापी' म्हणण्याआधी क्षणभर होडीत उतरून बघ. पापी निघाला तर निघू दे. पण बघ."

"बघितलं. आणि पेटी?"

"देत नाही."

'चिकट थेरडा' हे शब्द शिष्याच्या अगदी ओठांवर आले. म्हातारा खाली बसून एकेका बाहुलीला फडक्यात गुंडाळत होता. राजपुत्राचा शेला त्याने नीट केला. नावाड्याच्या नाकावरची धूळ बोटाने पुसली आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटला. पेटी गेल्यावर हे दोन हात दिवसभर काय करतील, हे शिष्याने इतक्या वर्षांत मनात आणले नव्हते.

तो शेजारी बसला. राणीची बाहुली उचलून फडके शोधू लागला.

"पुढची जत्रा कुठली, आबा?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले नाही. फडके मात्र पुढे केले.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा लबाडच होता. असेलही. मी तर सगळा वेळ शिष्याच्या बाजूला उभा राहून सांगितले. म्हाताऱ्याच्या बाजूला जाऊन बघायचे कष्ट तुम्ही घ्या.