दांडीची गाठ

लाकडं अजून आपसात बोलायची, तेव्हाची गोष्ट. दस्तगीरचाचा घराच्या ओसरीवर तंबोरा घडवत होते. पटाशीनं ते दांडी आतून कोरू लागले, तशी ती दचकली.

"हा माणूस माझा गाभा चोरतोय," ती शेजारच्या भोपळ्याला म्हणाली. "तुझाही नेला असेल ना?"

"नेला की. म्हणून तर मी आता घुमतो."

"म्हणजे तूही त्यालाच सामील!" दांडीनं मधल्या गाठीपाशी अंग आवळून धरलं. तिथं पटाशी सारखी घसरू लागली. शेवटी कंटाळून चाचांनी तेवढी गाठ तशीच ठेवली.

तंबोरा जोडून झाला, तारा चढल्या. चाचांनी तार छेडली, तर सूर गाठीपर्यंत येऊन विझला. त्यांनी दांडीला कान लावला, डोळे बारीक केले आणि पुन्हा पटाशी उचलली.

"हिनं आत काहीतरी दडवलंय."