चहाचा कप आणि दुसरे छिद्र

एकदा एक शिष्या एका वृद्ध आचार्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाली. आली शिकायला, पण येताना संशयाचे गाठोडे बरोबर घेऊनच आली. त्यात तिचा फारसा दोष नव्हता. आधीच्या ठिकाणी तिने दोन वर्षे राबून केलेले काम वरिष्ठांनी स्वतःच्या नावावर छापून घेतले होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागली होती.

त्या प्रयोगशाळेत लेसरच्या चकत्या बनत. अर्धवाहकाच्या इवल्याशा चकतीत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, असंख्य सूक्ष्म छिद्रे ओळीने कोरायची. प्रकाश त्या छिद्रांवर आपटत, वळत एका चालीत येतो आणि चकतीच्या माथ्यावरून सरळ बाहेर पडतो. शिष्येची तिळाएवढी चकती सुरेख चाले. पण एका व्यापाऱ्याला पत्रा कापणारा लेसर हवा होता आणि तेवढी ताकद यायची तर चकती नखाएवढी मोठी करणे भाग होते. ते साधले तर व्यापारी पुढचे सारे काम इथेच देणार होता आणि त्या कामाची प्रमुख तीच होणार होती. हिरावलेले नाव परत मिळवण्याची तिला ही एकच संधी दिसत होती.

प्रयोगशाळेत एक रीत होती. छिद्रांच्या नकाशात कोणी बदल केला की तो मधल्या टेबलावर उघडा ठेवायचा. ज्याला शंका असेल त्याने त्यावर आपला चहाचा कप ठेवायचा. कप दिसला की काम थांबे आणि बदल करणारा खुर्ची ओढून समजावत बसे. शिष्येला ही रीत भाबडी वाटे. आपली शंका चारचौघांत मांडायची म्हणजे आपली अक्कल फुकट वाटायची, असे तिचे मत होते.

एके दिवशी व्यापारी आला. आचार्यांनी त्याला खोलीत नेले आणि दार लावून घेतले. शिष्येच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी मधल्या टेबलावर तिचाच नकाशा पडलेला होता आणि तिच्या प्रत्येक छिद्राशेजारी, जरा सरकवून, आचार्यांनी दुसरे, थोडे लहान छिद्र काढले होते. तिला आपली विस्कटलेली ओळ बघवेना. ती मनात म्हणाली, म्हाताऱ्याने व्यापाऱ्याशी संधान बांधले. आता माझी चकती बिघडवून दाखवायची आणि मग स्वतःची पुढे करायची. तिला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

तिने कप ठेवला नाही. तिने दुसरी छिद्रे पुसून जुना नकाशा कोरणाऱ्या कारागिराकडे गुपचूप धाडला. त्या दिवसापासून ती आचार्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागली. ते हसले तरी तिला काहीतरी शिजते आहे असे वाटे, आणि गप्प बसले तर खात्रीच पटे.

व्यापारी पाहणीला येणार त्या सकाळी तिने आपली चकती लावली. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून समोर कॅमेरा आणि पडदा होता. पडद्यावर एक ठिपका उमटायला हवा होता. उमटले पाच-सहा, तेही थरथरत, एकमेकांपासून पळणारे. तिने वीज कमी केली, वाढवली, पण ठिपके काही एकत्र येईनात. शेवटी तिने वीज बंद केली आणि मागे उभ्या आचार्यांकडे पाहिले.

आचार्यांनी खिशातून एक डबी काढली. त्यांनी आपल्या नकाशाची एक प्रत आधीच कारागिराला दिली होती; शिष्येचा वेगळा नकाशा आला तेव्हा त्याने त्यांना विचारले होते आणि त्यांनी दोन्ही कोरायला सांगितले होते. त्यांनी दुसरी चकती लावली. पडद्यावर एकच बारीक ठिपका उमटला आणि तिथेच स्थिर राहिला.

तिने विचारले, "सर, तुम्हाला माहीत होतं, तर मला थांबवलं का नाहीत?"

"नुसतं सांगितलं असतं, तर खरं मानलं असतंस?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

आचार्य म्हणाले, "छिद्र प्रकाशाला मागे वळवतं. ते हवंच, नाहीतर लेसरच होणार नाही. छोट्या चकतीत तेवढं पुरतं. चकती मोठी झाली की प्रकाश आपापल्या कोपऱ्यात घुटमळतो आणि प्रत्येक कोपरा वेगळी चाल धरतो. शेजारच्या छिद्रावरून परतणारी लाट पहिल्या लाटेला बरीचशी खोडून काढते. सगळी नाही, बरीचशी. मग प्रकाशाला वाट मिळते, तो चकतीभर पसरतो आणि सगळा एका चालीत येतो. संशयाचंही तसंच आहे, बाळ. तो टाकून दे असं मी म्हणणार नाही, तू पोळली आहेस. पण संशयाशेजारी एक प्रश्न असू दे. नुसता संशय समोरच्याचं सगळं परतवून लावतो आणि आपण आपल्याच कोपऱ्यात फिरत राहतो."

थोडे थांबून ते म्हणाले, "लुबाडणारा माणूस झाकून ठेवतो. मी तर नकाशा टेबलावर उघडा ठेवला होता."

तेवढ्यात व्यापारी आला. पडद्यावरचा ठिपका पाहून त्याने शिष्येला नमस्कार केला. "आचार्य त्या दिवशीच म्हणाले होते, चकती मॅडमची आहे, जे बोलायचं ते त्यांच्याशी बोला," तो म्हणाला. आणि आचार्यांच्या खोलीत शिरताच त्याने आजही दार लावून घेण्याची विनंती केली, कारण बाहेरच्या एसीची हवा त्याला सोसत नसे. शिष्येला कुठे पाहावे ते कळेना.

पुढे काही दिवसांनी मधल्या टेबलावर आचार्यांचा नवा नकाशा आला. त्यातली एक ओळ शिष्येला पटली नाही. जुन्या सवयीने ती कारागिराच्या खोलीकडे निघाली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. हातातला अर्धा प्यायलेला चहाचा कप तिने नकाशाच्या मधोमध ठेवला.

आचार्यांनी तो पाहिला आणि खुर्ची ओढली.