उंबऱ्याशी संपलेली रेघ

“आता आणखी काय बाकी राहिलं, बुवा?”

हरिहर अगदी मेटाकुटीला आला होता. मठात पाणी भरून झालं, लाकडं फोडून झाली, मठाच्या शाळेत पोरांना भूमिती शिकवून झाली. दीक्षेचं मात्र अजून आज नाही उद्याच चाललं होतं.

मठाची रीत अशी, की दीक्षेआधी शिष्याने स्वतःच्याच घरी परक्यासारखी भिक्षा मागायची, घ्यायची आणि पुढच्या दाराला निघायचं. कालच तो घरी जाऊन आला होता.

अच्युतबुवा फळ्याकडे बघत होते. सकाळच्या तासाचं वर्तुळ आणि भोवतीच्या रेघा तशाच होत्या.

“यातल्या स्पर्शिका कोणत्या रे?”

हरिहरने कपाळाला हात लावला. दीक्षा मागायला यावं आणि म्हाताऱ्याने दहावीची परीक्षा घ्यावी!

“ही. आणि ही.”

“आणि ही तिसरी? तीही एकाच ठिकाणी टेकलीय की.”

“टेकलीय, पण स्पर्शिका नाही! पोरंही नेमकी इथंच माती खातात. सांगून सांगून घसा बसला माझा.” त्याने तावातावाने खडू उचलला. “रेघ कडेशी संपवलीय म्हणून तसं वाटतं. जरा वाढवा… ही बघा, शिरली आत! खरी स्पर्शिका टेकते आणि आपल्या वाटेने निघून जाते.”

“अस्सं…”

बुवांनी नजर फळ्यावरून त्याच्याकडे वळवली. हरिहर चुळबुळत राहिला.

“काल घरी काय झालं?”

“काय व्हायचंय? दारात उभा राहिलो, हाक दिली. आत अण्णा खोकत होते. आई म्हणाली, ‘आले हं.’ तेवढ्यात फिरलो मागे. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही टाकलं, बुवा!”

“भिक्षा?”

हरिहर हातातला खडू बोटांत फिरवू लागला.

“घेतली नाहीस?”

“आई बाहेर आली असती तर…” हरिहरने खडू फळ्याशी ठेवून दिला.

बुवा उठले. तिसऱ्या रेघेचा त्याने वाढवलेला भाग त्यांनी तळव्याने पुसला. रेघ पुन्हा वर्तुळाच्या कडेशी येऊन थांबली.

मग त्यांनी खुंटीवरची झोळी काढून त्याच्या खांद्यावर अडकवली.

“जा. वाढव.”