पिंप, पुंगळ्या आणि पांढरं उपरणं

“ज्या गाढवानं माझ्या काडतुसांना वाळूनं घासलं, तो देव अक्कल वाटत होता तेव्हा चाळणी घेऊन उभा होता!”

भर दरबारात सरकार गरजले. नाव त्यांनी कुणाचंच घेतलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं. मी त्याच गाढवाचे जोडे घालून उभा होतो!

आमच्या वारंगी संस्थानच्या सरकारांची एक लाडकी रायफल होती. तिची काडतुसं करणारा विलायतेतला कारखाना बंद पडलेला. म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या आणि पुन्हा भरायच्या. शिलेखान्याचे, म्हणजे शस्त्रागाराचे, म्हातारे कारभारी रखमाजी जिनगर हे काम चाळीस वर्षं चिंच आणि चिंधीनं करत आले होते. मी पुण्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलो आणि चौथ्याच दिवशी जाहीर केलं, “हा मानवी श्रमांचा अपमान आहे!”

मी हँडलचं एक लाकडी पिंप करवून घेतलं. पुंगळ्या आत टाका, सोबत काहीतरी खरखरीत टाका आणि फिरवा. घासणं आपोआप! पिंप उत्तम होतं. अडचण त्या ‘काहीतरी’ची होती. पुस्तकातल्या कठीणतेच्या तक्त्यात मला वाळू फार वर सापडली. ओतली! तीनशे पुंगळ्या मांजरानं बोचकारल्यासारख्या बाहेर आल्या.

“वाळू मी टाकली, सरकार!” मी पुढं झालो. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी विज्ञानाच्या इतिहासातल्या थोर चुकांवर बोलू लागलो.

“पुरे!” सरकार म्हणाले. “शिलेखान्याची किल्ली रखमाजीच्या कमरेला, म्हणजे दोषही त्याचाच. आठ दिवस देतो. उरलेल्या दोनशे पुंगळ्या आतून-बाहेरून लखलखल्या पाहिजेत. हातानं घासायच्या नाहीत, पाणी लावायचं नाही, ओरखडा उठता कामा नये, पोटात एक कण राहता कामा नये. या दामल्याला पिंप हवं होतं ना? मग पिंपानंच! नाहीतर रखमाजीनं किल्ली ठेवावी आणि संस्थान सोडावं.”

रखमाजींनी कमरेची किल्ली मुठीत धरली.

मी लगेच पिंपात तांदूळ टाकला. तो पुंगळ्यांच्या निमुळत्या गळ्यात अडकला. मग नाचणी टाकली. पुंगळीच्या बुडाला ठिणगी आत जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. परमेश्वरानं नाचणी बहुधा तेच माप घेऊन घडवली होती! तीन दिवस मी सुईनं नाचणी कोरत बसलो.

रखमाजींची मुलगी येसू मुदपाकखान्यात निवडण-कांडण करायची. बापाची आणि माझी भाकरी घेऊन ती आली आणि माझा उद्योग बघत राहिली.

“दादा, धान्य कशाला टाकता? पोटात जायचं आणि तिथंच राहायचं, ही त्याची खोडच!”

“मग काय टाकू?”

“तुमचा तक्ता काय म्हणतो?”

“तक्त्यात आता फक्त हिरा उरलाय.”

“तो सरकारांच्या तुऱ्यात आहे. मागून बघा!”

ती गेली, आणि थोड्या वेळानं मागच्या अंगणात उखळ वाजायला लागलं. मी खिडकीतून ओरडलो, “जरा हळू! इथं विचार चाललाय!”

सातव्या दिवशी येसूनं पिंपात एक तांबूस भरड ओतली आणि म्हणाली, “फिरवा.” माझा विचार अजून संपला नव्हता, पण दिवस संपले होते. फिरवलं.

आठव्या दिवशी तिनं परात भरून पुंगळ्या आणि शेजारी सुपात पिंपातली भरड दरबारात ठेवली. सरकारांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याचं टोक पिळून एका पुंगळीत घातलं. टोक पांढरंच बाहेर आलं. दुसरीत घातलं, दहावीत घातलं. तसंच! एक पुंगळी उजेडाकडे धरली. बुडाच्या भोकातून आकाश दिसलं.

“काय टाकलंस?”

“दाणे काढलेली मक्याची कणसं, सरकार. तबेल्यामागं ढीग पडलाय. कांडली आणि दोन चाळण्यांतून काढली. अडकेल ते जाडं वगळलं, चिकटेल ते पीठ वगळलं. मधलं घेतलं.”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

येसूनं दोन्ही हात पुढं केले. दोन्ही मनगटांत पितळी कडी होती. डावं काळवंडलेलं, उजवं लखलखीत.

“मका निघतो तेव्हा माझा डावा हात टोपलीला आणि उजवा दिवसभर कणसांच्या ढिगात. सात वर्षं झाली. मळ राहिला नाही आणि ओरखडाही नाही.”

त्याच हातांनी ती चार महिने माझ्यासमोर भाकरी ठेवत होती. मी तक्ता बघत होतो!

पण हरतील ते सरकार कसले! त्यांची नजर पिंपातून काढलेल्या भरडीवर गेली.

“ही बघ, काळी झाली! एक साफ करताना दुसरं घाण झालेलं मला चालायचं नाही. हीसुद्धा साफ कर. पाणी न लावता. आत्ता!”

रखमाजी कमरेची किल्ली सोडू लागले.

“करते की, सरकार!” येसू म्हणाली. “पण हिचं काळं कशावर तरी उतरणार. मग ते साफ करायचं. त्याचं काळं आणखी कशावर. असं पुसत पुसत शेवटी दरबारातल्या सगळ्यांत पांढऱ्या वस्तूपाशीच यावं लागेल. त्यापेक्षा मधली खेप वाचवते.” तिनं हात पसरला. “ते उपरणं द्यावं!”

सरकारांनी दोन्ही हातांनी उपरणं छातीशी घट्ट धरलं. आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते असे हसले, की तुऱ्यातला हिरा गदगदा हलला!

“रखमाजी, किल्ली बांध कमरेला! पोरी, आजपासून शिलेखान्याची मुकादम तू. आणि ही घे सोन्याची दोन कडी.”

“एकच द्यावं, सरकार. डाव्या हातात घालीन. उजवं कामाचं आहे.”

“आणि या विद्वानाचं काय करू?”

“पिंप त्यांचंच आहे, सरकार, आणि चांगलं आहे. फिरवायला माणूस लागतो.”

तेव्हापासून मी हँडल फिरवतो आणि फिरवता फिरवता शिलेखान्याच्या पहाऱ्यावरच्या धोंडू हवालदाराला मानवी श्रमांचा अपमान म्हणजे काय, ते समजावून सांगतो. तो तंबाखू मळत सगळं ऐकून घेतो.

“बोला, साहेब, बोला,” तो म्हणतो. “फक्त हात थांबू देऊ नका.”